किशोरवयीन मुलांसाठी चित्रपट निवडताना

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हा प्रश्न बहुतेक घरांत सुट्टीच्या दिवशी जेवणे आटोपल्यावर, रिमोट हातात घेतल्यानंतर पडतो, आणि तेव्हा तो नीट सोडवायला कोणालाच सवड नसते. मग यादीत वर दिसेल ते लावले जाते, किंवा फार तर ‘यात काही वावगे नाही ना’ एवढी चौकशी होते. वावगे नसणे ही किमान अट झाली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाला ज्याच्यासमोर दोन तास बसवायचे, त्यात त्याला विचार करण्याजोगे काही असायलाही हवे. म्हणून निवड आदल्या दिवशीच करून ठेवावी.

प्रमाणपत्र आधी पाहावे, कारण ते काम दोन मिनिटांचे आहे. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाने ‘यूए’ या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत. त्यापूर्वीच्या ‘यूए’चा अर्थ बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, एवढाच होता, त्यामुळे घरातली मुलगी चौदा वर्षांची असेल, तर जुन्या चित्रपटावरचा तो शिक्का तिच्याबाबतीत काहीच सांगत नाही. थेट ओटीटीवर आलेल्या चित्रपटांना बोर्डाचे प्रमाणपत्र लागत नाही. तेथे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वयोगट ओटीटी कंपनीनेच ठरवायचा असतो आणि १३+ व त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यायची असते. मुलांचे प्रोफाइल वेगळे करून आपल्या प्रोफाइलला पिन घालण्याचे काम एकदाच करावे लागते. तेवढे उरकून टाकावे. अर्थात कुलूप राखण करते, निवड करत नाही.

आयएमडीबीसारख्या संकेतस्थळांवर पालकांसाठी हिंसा, शिव्या, नशा, लैंगिक दृश्ये यांची नोंद असते. ती जरूर वाचावी, परंतु ती केवळ मोजदाद आहे हे ध्यानात ठेवून. एखाद्या चित्रपटात नायक संगीताच्या तालावर वीस माणसे लोळवतो आणि त्यांपैकी एकाचेही पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यात एकच थप्पड बसते आणि तिचा वळ शेवटपर्यंत जात नाही. मोजदादीत दुसरा चित्रपट सौम्य ठरो वा न ठरो, मुलाला काही देणारा तोच. दृश्यात काय आहे याइतकेच चित्रपट त्या दृश्याकडे कसा पाहतो, हे तपासणे हाच निवडीचा गाभा आहे, आणि ते कोणत्याही यादीवरून कळत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे उदाहरण घ्यावे. गावातली डुकरे पकडण्याचे काम जब्या या शाळकरी नायकाच्या कुटुंबावर येते आणि ही धावपळ शाळेच्या आवारालगत, वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांदेखत चालते. डुक्कर हाताशी आलेले असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. घरातले सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. हे दृश्य पाहताना आधी हसू येते आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटते. चित्रपटात शिव्या आहेत, जातीवरून केलेली हेटाळणी आहे आणि शेवट अस्वस्थ करणारा आहे. तरीही पंधराव्या वर्षी पालकांसोबत तो पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जात हा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जितका निरुपद्रवी वाटतो तितका तो येथे राहत नाही.

याउलट ‘संस्कारक्षम’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या कित्येक चित्रपटांपासून थोडे सावध राहावे. उपदेशाचा वास या वयाला फार लवकर येतो. थोरामोठ्यांच्या चरित्रपटांत नायक जन्मतःच महान आणि भोवतालचे सगळे एकतर खल किंवा बावळट असतील, तर ते पाहून मुलाच्या हाती टाळ्यांपलीकडे काही लागत नाही. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मधील दादासाहेब फाळके मात्र घरातले सामान विकणारे, हट्टी, थोडे विक्षिप्त आणि म्हणूनच ओळखीचे वाटतात, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटाही तेथे दिसतो.

वयाचा विचार करताना पात्राचे वय आणि चित्रपटाची चाल, दोन्ही पाहावे. तेरा-चौदाव्या वर्षी ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘किल्ला’ किंवा तमिळमधील ‘काक्का मुट्टै’ सहज चालतात. माजिद माजिदी यांचा १९९७ चा इराणी चित्रपट ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ तर याच वयासाठी राखून ठेवावा. धाकट्या बहिणीचे बूट हरवलेला अली शर्यतीत तिसरा यायला धावतो, कारण तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात. तो पहिला येतो आणि रडतो. हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परभाषिक चित्रपटांची उपशीर्षके बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातल्या मुलांना ती भरभर वाचणे जड जाते, म्हणून सुरुवात कमी संवादांच्या चित्रपटांपासून करावी.

नववी-दहावीच्या सुमारास आणीबाणीच्या काळातल्या नववीतील मुलांची गोष्ट सांगणारा ‘शाळा’ उत्तम. सोळाव्या वर्षानंतर एकाच खोलीत जवळजवळ सगळा घडणारा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लावून पाहावेत. ‘कोर्ट’ संथ आहे हे आधीच सांगून टाकावे. शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि चित्रपट संपला असे वाटते. तेव्हा उठू नये, कारण त्यानंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात आणि आधी पाहिलेल्या साऱ्या कामकाजाचा अर्थ बदलतो.

चित्रपट शक्यतो आपण आधी पाहिलेला असावा. तेवढा वेळ नसेल, तर निदान पहिला आणि शेवटचा अर्धा तास तरी पाहून घ्यावा, कारण ट्रेलर या कामी फारसा उपयोगी पडत नाही. मुलासमोर एकच नाव न ठेवता तीन ठेवावीत आणि निवड त्याच्यावर सोडावी. एका आठवड्यात आपल्या यादीतला पाहिला, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या पसंतीचा, फोन बाजूला ठेवून, पूर्ण पाहावा. त्याचा चित्रपट आपण तोंड वाकडे करून पाहिला, तर तो आपला का पाहील?

पाहताना अवघडलेपणाचे दृश्य आले तर ते पुढे पळवू नये. पुढे पळवलेले दृश्यच मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहते आणि नंतर एकट्याने शोधले जाते. चित्रपट संपताच ‘काय शिकलास?’ असे विचारणे टाळावे. दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना किंवा गाडीत बसल्यावर, नेमका प्रश्न काढावा: ‘किल्ला’मधला चिन्मय मित्रांवर चिडला, त्यात तुला कोणाचे चुकले असे वाटते? उत्तर आपल्या मताशी जुळले नाही, तरी लगेच दुरुस्ती करायला जाऊ नये.

चाळीस मिनिटांनंतरही मूल चुळबुळ करत असेल तर चित्रपट निमूट बंद करावा, त्यावर टोमणा मारू नये, आणि तेच नाव वर्षभराने पुन्हा निवडीच्या तीन नावांमध्ये ठेवून पाहावे.