भांडवलशाहीविषयीचा आर्थिक विचार वाचायला घेताना: एकच प्रश्न धरून चला

या विषयाला नव्याने हात घालणारे बहुतेक जण नावांची यादी घेऊन बसतात. आधी स्मिथ, मग रिकार्डो, मार्क्स, केन्स. प्रत्येकाचं चार ओळींचं सार पाठ होतं आणि काही महिन्यांत सगळे एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन सगळ्यांकडे जावं: नफा कुठून येतो? भांडवलशाहीबद्दलचे बरेचसे मोठे वाद इथेच येऊन ठेपतात. याचं उत्तर बदललं की मजुरी, कर, व्यापार, मंदी या सगळ्यांबद्दलचं मतही बदलतं.

वहीत प्रत्येक लेखकासाठी समोरासमोरची दोन पानं ठेवा. डावीकडे त्याचं उत्तर, मूळ ग्रंथातल्या नेमक्या जागेसकट. उजवीकडे तो कुणाचं म्हणणं खोडत होता आणि त्या वेळी कोणता कायदा किंवा कोणतं संकट समोर होतं. उजवं पान कोरं राहिलं तर डावं अजून समजलेलं नाही, असं खुशाल धरा.

ॲडम स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'ची (१७७६) पाच पुस्तकं पहिल्या फेरीत सगळी वाचू नयेत. पहिल्या पुस्तकातली १ ते ३ आणि ५ ते ८ ही प्रकरणं पुरेशी आहेत. नफ्याबद्दल तिथे दोन उत्तरं सापडतात. सहाव्या प्रकरणात मजुरी, नफा आणि जमिनीचा खंड मिळून वस्तूचा भाव बनतो. आठव्यात नफा म्हणजे मजुराच्या उत्पादनातून झालेली वजावट. विद्यार्थी यातलं एक खरं मानून दुसरं गाळतात. गाळू नका, दोन्ही लिहून ठेवा, कारण पुढच्या शंभर वर्षांचा वाद याच फटीतून वाढला. 'अदृश्य हात' (स्वतःचा फायदा बघणारा माणूस नकळत समाजाचंही हित साधतो, ही कल्पना) या ग्रंथात एकदाच येतो, चौथ्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात. टाचणी कारखान्यातली दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र आयुष्यभर दोन-चार साध्या क्रिया करणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, असंही स्मिथने पाचव्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात बजावून ठेवलंय. ती पानं जरूर वाचा.

रिकार्डो वाचताना मात्र पेन्सिल हातात हवीच. 'प्रिन्सिपल्स'च्या (१८१७) दुसऱ्या प्रकरणात तो तीन प्रतींच्या जमिनी घेतो. सारख्याच श्रम-भांडवलावर त्या १००, ९० आणि ८० क्वार्टर धान्य देतात (क्वार्टर हे धान्याचं इंग्रजी माप). आपण त्यात एक भर घालू: प्रत्येक जमिनीवर मजुरीपोटी ६० क्वार्टर जातात. फक्त पहिली जमीन कसली जाते तेव्हा खंड शून्य, नफा ४०. लोकसंख्या वाढून दुसरी जमीन लागवडीखाली आली की तिथे नफा ३० उरतो. स्पर्धेमुळे पहिल्या जमिनीवरच्या कुळालाही ३० वरच थांबावं लागतं आणि वरचे १० जमीनमालकाकडे जातात. तिसरी जमीन आली की सगळीकडे नफा २०, आणि एकूण खंड २० अधिक १० म्हणजे ३०. तक्ता स्वतः मांडला की दिसतं: मजूर तितकंच खातोय, तरी भांडवलदाराचा वाटा आटतोय आणि जमीनमालकाचा फुगतोय.

आता उजव्या पानावर लिहा: १८१५ चा धान्य कायदा. भाव क्वार्टरला ८० शिलिंगांखाली असेल तर परदेशी गहू देशी बाजारात विकायला बंदी. आयात मोकळी झाली तर तिसरी जमीन कसावीच लागणार नाही, हा रिकार्डोचा मुद्दा. इथली नेहमीची चूक म्हणजे कार्यकारण उलटं लावणं. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून खंड मिळतो.

मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला भाग (१८६७) पहिल्या पानापासून वाचायला घेणारे अनेक जण तिसऱ्या प्रकरणाच्या आतच पुस्तक मिटतात. सुरुवात अवघड आहे हे त्याने प्रस्तावनेतच सांगितलंय. आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण घ्या, मग यंत्रांवरचं, मग आदिम संचयावरचं (भांडवल मुळात गोळा कसं झालं), आणि त्यानंतर पहिल्याकडे वळा. टिपण करताना आवृत्ती नोंदवा. कामाच्या दिवसाचं प्रकरण इंग्रजीत दहावं आहे, जर्मनमध्ये आठवं, त्यामुळे नुसता प्रकरण क्रमांक फसवतो.

आकडेमोडीसाठी इंग्रजीतलं नववं प्रकरण. भांडवल ५०० पौंड: ४१० यंत्रं व कच्च्या मालात, ९० मजुरीत. तयार माल ५९० चा, म्हणजे वरकड मूल्य (मजुरी भरून निघाल्यावर मजुराच्या श्रमातून उरणारं जादा मूल्य) ९०. वरकड मूल्याचा दर ९० भागिले ९०, म्हणजे १०० टक्के. नफ्याचा दर ९० भागिले ५००, म्हणजे १८ टक्के. हे दोन दर एकच समजले की तिसऱ्या भागातली नफ्याचा दर घटण्याची सगळी चर्चा डोक्यावरून जाते.

१८७० नंतर प्रश्नच सरकतो. जेव्हन्स आणि मेंगर (दोघंही १८७१), वालरास (१८७४) यांनी वर्गांमधल्या वाटपाऐवजी सीमांत उपयोगिता (वस्तूच्या आणखी एका नगातून मिळणारं समाधान) आणि विनिमय मध्यभागी आणले. या टप्प्यावर तुमच्या वहीत व्याज आणि नफा यांचे रकाने वेगळे करा. जुने लेखक दोन्ही एकत्र धरतात, नवे धरत नाहीत, आणि तुलना बहुधा इथेच बिघडते.

मग मार्क्सचेच ते ९० पौंड प्रत्येकापुढे ठेवून पाहा. अर्थतज्ज्ञ नासाउ सीनियरच्या मते ते उपभोग पुढे ढकलल्याचा मोबदला. ब्योम-बावर्कच्या मते आजची वस्तू उद्याच्या वस्तूपेक्षा मोलाची असते म्हणून मिळालेलं व्याज. जे. बी. क्लार्क (१८९९) त्यातला व्याजाचा भाग भांडवलाची सीमांत उत्पादकता (भांडवलाच्या आणखी एका एककाने वाढणारं उत्पादन) म्हणून मोजेल. त्याला जोन रॉबिन्सनचा १९५३ चा सवाल लगेच जोडून वाचा: भांडवल मोजायचं कोणत्या एककात? शुम्पीटर विचारेल, या भांडवलदाराने नवं काही आणलं का? नसेल तर त्याच्या हिशेबात खरा नफा स्पर्धेत विरून जातो. फ्रँक नाईट (१९२१) विम्याने झाकता येणारी जोखीम बाजूला काढेल आणि मोजताच न येणाऱ्या अनिश्चिततेला नफ्याचं श्रेय देईल. केन्सच्या १९३६ च्या 'जनरल थिअरी' या ग्रंथातलं सोळावं प्रकरण उघडा: भांडवल दुर्मीळ आहे म्हणून ते परतावा देतं. लगोलग चोविसावं वाचा, ही दुर्मीळता संपली तर नुसत्या व्याजावर जगणाऱ्यांचं काय होईल ते तिथे आहे.