गोळ्यांमुळे लिव्हर फेल झालं तर नातेवाईकांनी काय करायचं
टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, "उष्णता असेल" म्हणत काविळीचं झाडपाल्याचं औषध देत बसू नका, त्यातलीही काही लिव्हर बिघडवतात. पेशंट असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोप रात्री जागा असं झालं तर तो वेडेपणा नाही, मेंदूवर परिणाम होतोय, तडक आयसीयू आणि शक्यतो ट्रान्सप्लांट होतं असंच हॉस्पिटल बघा. झोपेची गोळी तर मनाने अजिबात देऊ नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, पॅरासिटामॉल किती आणि कधी घेतली तेही सांगा, कारण पॅरासिटामॉलमुळे लिव्हर बिघडलं असेल तर त्यावर एनएसी नावाचं औषध आहे आणि ते जितकं लवकर तितकं बरं.

आता आर्टिफिशियल लिव्हर, म्हणजे फेल झालेल्या लिव्हरचं थोडं काम बाहेरून मशीनने करणं. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याचा अर्थ प्लाझ्मा एक्सचेंज, रक्तातला खराब प्लाझ्मा (रक्तातला पातळ पिवळसर भाग) काढून रक्तदात्याचा भरायचा. हाय व्हॉल्यूम पद्धतीत रोज साधारण ८ ते १२ लिटर, असे ३ दिवस, म्हणून ब्लड बँकेची धावपळ आधीच सुरू करा. मार्स नावाच्या दुसऱ्या मशीनमध्ये अल्ब्युमिनने (रक्तातलं एक प्रोटीन) विषारी द्रव्यं ओढून घेतात, पण ते मोजक्याच ठिकाणी असतं. डॉक्टरांना रोज आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) आणि अमोनिया (लिव्हर बिघडल्यावर रक्तात साठणारं, मेंदूला त्रास देणारं द्रव्य) विचारा. आणि हो, मशीन लावलं म्हणून ट्रान्सप्लांटचा विषय बंद करू नका, हे वेळ मिळवून देतं, नवं लिव्हर नाही, त्यामुळे लिव्हरचा भाग देऊ शकणाऱ्या घरातल्या माणसाचा रक्तगट तपासणं आणि झेडटीसीसीची (मृत दात्यांचे अवयव वाटप करणारं विभागीय केंद्र) नोंदणी सोबतच चालू ठेवा.