जीनोमवरून बॅक्टेरियाच्या लसीसाठी उमेदवार प्रोटीन कशी शोधायची

आधी जीनोम (बॅक्टेरियाचा संपूर्ण डीएनए) कुठले घ्यायचे ते ठरवा, सॉफ्टवेअर नंतर. एकाच स्ट्रेनवर (त्या बॅक्टेरियाच्या एकाच वाणावर) भागवू नका, वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या वर्षांचे आणि मुख्य म्हणजे पेशंटमधून मिळालेले स्ट्रेन घ्या, एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेसवर फुकट मिळतात. असेंब्लीचे (तुकडे जोडून तयार केलेल्या जीनोमचे) फार तुकडे असतील तर ती सोडून द्या, नाहीतर असलेला जीन पण गायब दिसतो.

सगळ्यांचं अ‍ॅनोटेशन (कुठे कुठला जीन आहे याची नोंद) एकाच टूलने करा, बाक्टा किंवा प्रोक्का काहीही चालेल, मग पॅनारू या टूलने पॅनजीनोम (सगळ्या स्ट्रेनमधल्या जीनची एकत्र यादी) काढा म्हणजे कुठला जीन किती स्ट्रेनमध्ये आहे ते समजतं.

आता खरं काम. अँटिबॉडी जिवंत बॅक्टेरियाच्या आत पोचत नाही, म्हणून पृष्ठभागावरची नाहीतर बाहेर सोडली जाणारी प्रोटीनच हवीत, त्यासाठी पीसॉर्टबी (प्रोटीन पेशीत कुठे असेल ते सांगतं) आणि सिग्नलपी (बाहेर पाठवण्याची खूण, म्हणजे सिग्नल पेप्टाइड शोधतं) चालवा. एकापेक्षा जास्त ट्रान्समेम्ब्रेन हेलिक्स (पेशीच्या पडद्यातून आरपार जाणारे पिळाचे भाग) असलेली प्रोटीन सहसा काढून टाकतात, कारण ई. कोलायमध्ये ती बनवून शुद्ध करणं फार त्रासाचं, पण डोळे झाकून काढू नका, हेलिक्स पहिल्या 60 अमिनो आम्लांत दिसत असेल तर तो बऱ्याचदा सिग्नल पेप्टाइडच असतो. आणि ग्रॅम-निगेटिव्ह (दोन पडदे असलेल्या) बॅक्टेरियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधली पोरिनसारखी प्रोटीन बीटा-बॅरल, म्हणजे पिंपासारख्या आकाराची असतात, हेलिक्स शोधणाऱ्या टूलला ती दिसतच नाहीत! पीसॉर्टबीने 'अननोन' सांगितलेली पण लगेच फेकू नका, त्यात लायपोप्रोटीन (चरबीच्या रेणूने पडद्याला जोडलेली प्रोटीन) निघू शकतात.

मग ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवून बघणाऱ्या टूलने माणसाच्या प्रोटीनशी जुळणारी काढून टाका, आपल्यासारखं दिसणारं लसीत चालत नाही. मेनिंजायटिस करणाऱ्या मेनिंगोकोकस बी या बॅक्टेरियाची कॅप्सूल (बाहेरचं साखरेचं आवरण) आपल्या मेंदूच्या पेशींवरच्या साखरेसारखीच असते म्हणून तिची लस बनेना, आणि त्यातूनच ही जीनोमची वाट निघाली. लसशास्त्रज्ञ रिनो राप्पुओली यांच्या टीमने त्याच्याच एमसी58 स्ट्रेनचा जीनोम चाळून सुमारे 350 प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवली, उंदरांना टोचली, 2000 साली ते काम छापून आलं आणि 2013 मध्ये युरोपात बेक्सेरो लस मंजूर झाली. म्हणजे उमेदवार सापडल्यावरही मधे किती वर्षं गेली बघा.

सगळ्या स्ट्रेनमध्ये असलेलाच जीन हवा असा हट्ट मात्र नको. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसवर 2005 मध्ये 8 जीनोम घेऊन काम झालं, त्यात उंदरांमध्ये चांगलं संरक्षण देणाऱ्या 4 प्रोटीनपैकी एकच कोअर जीनोममधलं (सगळ्या स्ट्रेनमध्ये असलेलं) होतं, चारही एकत्र दिली तर जास्त स्ट्रेन कव्हर होतात. उलट जीन सगळीकडे आहे म्हणून खूश पण होऊ नका, सिक्वेन्स किती बदलतो ते अलाइन करून बघा, मेनिंगोकोकसच्या एफएचबीपी या पृष्ठभागावरच्या प्रोटीनचे 3 मुख्य प्रकार आहेत आणि प्रकार 1 विरुद्धच्या अँटिबॉडी 2 आणि 3 वर फारशा चालत नाहीत.

शेवटी उरलेल्या प्रत्येक जीनचा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) उघडून बघा. मेनिंगोकोकसच्याच नाडए या प्रोटीनच्या प्रमोटरजवळ टीएएए हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि तो कितीदा येतो त्यावर प्रोटीन कमी बनणार की जास्त ते ठरतं, म्हणून जीन सापडला तरी प्रोटीन खरंच पृष्ठभागावर येतंय का हे जिवंत बॅक्टेरियावर फ्लो सायटोमेट्रीने (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजणं) तपासायचं, आणि ती प्रोटीन टोचलेल्या उंदरांच्या सीरमने (रक्तातल्या अँटिबॉडी असलेल्या द्रवाने) बॅक्टेरिया मरतात का ते बघूनच यादी फायनल करायची.