आधी ओळख, मग औषध: बागेतलं अनोळखी रोप, कीड आणि रोग कसे ओळखावेत

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की हात आधी फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता. तो कापूस म्हणजे झाडाचा रस शोषणारे पिठ्या ढेकूण. त्यांच्या गर्दीत त्यांच्याहून मोठे, लांबट, अंगाला पांढऱ्या झालरी लागलेले चार-पाच किडे फिरत होते. हीच पोसलेली कीड, असं समजून मी आधी तेच चिमट्याने वेचले आणि साबणाच्या पाण्यात बुडवले. ते क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या, हे नंतर कळलं. त्या पिठ्या ढेकणांवरच जगतात आणि दिसतातही अगदी त्यांच्यासारख्या. द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार हे भुंगेरे प्रयोगशाळेतून विकत आणून बागेत सोडतात. माझ्या कुंडीत ते फुकट आले होते, आणि मी त्यांनाच मारलं.

दोघांतला फरक पाहायला एक काडी पुरते. पूर्ण वाढलेल्या पिठ्या ढेकणाला डिवचलं तर तो जेमतेम सरकतो. भुंगेऱ्याची अळी मात्र लगेच चालू लागते आणि तिच्या अंगावरचे मेणाचे धागे बरेच लांब असतात. एवढं बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तेव्हापासून घरात एक डबा ठेवला आहे. त्यात दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पांढरा कागद, जुनं ब्लेड, टॉर्च आणि वही. बाकी लागतो तो काचेचा पेला, तो स्वयंपाकघरातून आणता येतो.

पहिली पायरी: रोप कोणतं ते ठरवा

रोग ओळखायचा तर रोगी कोण हे आधी कळायला हवं. नर्सरीतून आणलेल्या झाडाचं नाव बहुधा माहीत असतं. खरी पंचाईत होते ती आपोआप उगवलेल्या रोपांची, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या खतातून, पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा शेजारच्या गच्चीवरून आलेल्यांची.

सुरुवात पानापासून करा. पण पान नेमकं कुठून सुरू होतं? पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, नव्या फांदीचा किंवा कळीचा. डोळा जिथे, तिथून पुढे सगळं मिळून एक पान. कढीपत्त्याची जी 'काडी' आपण फोडणीत टाकतो ते खरं तर एकच पान. तिच्यावरच्या पात्यांच्या बुडाशी डोळा नसतो, काडीच्या बुडाशी असतो. एवढं कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघा. खोड दोन बोटांत धरून फिरवा. चौकोनी लागलं, पानं समोरासमोर असली आणि चुरगाळल्यावर वास आला, तर रोप बहुधा तुळशीच्या कुळातलं: तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा. पण चौकोनी खोड घाणेरीलाही असतं, शिवाय तिला बारीक काटे असतात. म्हणून एकाच खुणेवर नाव ठरवू नका, निदान तीन तरी जुळू द्या.

कडुनिंब आणि कढीपत्ता यांची रोपं लहानपणी अनेकांना सारखीच वाटतात. कडुनिंबाच्या पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि पातं कोयत्यासारखं थोडं वाकलेलं असतं. कढीपत्त्याची कड बरीच साधी असते. चुरगाळून नाकाशी नेलं की शंका उरतच नाही.

चिकाची खूण फार कामाची आहे. पावसाळ्यात कुंडीत घोळ उगवते, तशीच जमिनीलगत पसरणारी नायटीही उगवते. दोघींची खोडं लालसर, पानं लहान. खोड मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, भाजीत घालू नका. घोळीचं खोड मांसल आणि रसाळ असतं, त्यातून पाणीच येतं. आणि चव घेऊन ओळखण्याचा मोह तर कधीच नको. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंडाच्या बिया हे सगळं आपल्या आसपासच असतं आणि सगळंच विषारी.

गाजर गवताचंही सांगायला हवं. पुण्यात १९५५ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता कुठे नाही असं नाही. रोपटं लहान असताना जमिनीसरशी पसरलेली, कातरलेली पानं इतकी देखणी दिसतात की आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी शेवंती समजून त्याला महिनाभर पाणी घातलं. बारीक पांढरी फुलं आली तेव्हा उलगडा झाला. त्याने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. फुलं येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा.

दुसरी पायरी: दुखणं आहे की आपली चूक?

कुंडीतल्या झाडांच्या तक्रारी पुष्कळदा रोगाच्या नसतातच. एकाच ओळीतली गुलाब, मनीप्लांट आणि मिरची अशी तीन वेगळ्या कुळांतली झाडं एकाच बाजूने करपली असतील, तर रोग शोधत बसू नका. त्या बाजूला काय आहे ते बघा: दुपारचं ऊन, तापलेली भिंत, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा. जिवंत शत्रू सहसा असा सरसकट वागत नाही. तो एका जातीच्या झाडावर, एका कोपऱ्यात सुरू होतो आणि पसरत जातो.

पिवळेपणा कुठून सुरू झाला, हेही वहीत लिहा. खालची, जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नसावं. पान मलूल आहे आणि तरी माती ओली आहे, तर आणखी पाणी घालू नका. मुळं गुदमरली आहेत.

तिसरी पायरी: पान उलटं करा

माझ्या मते सगळ्या ओळखीत मोठी गोष्ट हीच. पानाचा वरचा भाग तक्रार सांगतो, खालचा भाग गुन्हेगार दाखवतो.

पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके घटकाभर बघत राहा. धूळ हलत नाही. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान ठिपके सावकाश चालू लागले तर ते कोळी, म्हणजे घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. बोटाने कागदावर घासले की लालसर रेघ उमटते. पानावर बारीक पांढुरके टिपके आणि खाली पुसटसं जाळं असेल तर लाल कोळीच, आणि तो मार्च ते मे या कोरड्या उन्हात जास्त येतो. ठिपके लांबट, सुतासारखे आणि चपळ असतील तर फुलकिडे. फांदी हलवताच पांढरी भुकटी उडाल्यासारखं होऊन ती पुन्हा पानाखाली जाऊन बसली तर पांढरी माशी. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे मऊ किडे दाटीवाटीने बसले असतील तर मावा.

मिरचीचा चुरडा-मुरडा घरोघरी असतो आणि सगळे त्याला एकच रोग समजतात. पान कोणत्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उपड्या होडीसारखं झालं असेल, देठ लांबले असतील, तर कोळी. पानं बारीक राहून शेंड्याला गुच्छ झाला असेल तर विषाणू, आणि तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला. पहिल्या दोहोंवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही, ते रोप काढलेलंच बरं. भेंडीच्या पानाच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या पडतात तो हळद्याही असाच माशीने पसरणारा विषाणू.

मुंग्यांकडे लक्ष ठेवा. झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर वर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड (खपलीसारखी फांदीला चिकटून बसणारी) आहे असं समजायला हरकत नाही. या किडींच्या अंगातून गोड चिकटा गळतो, मुंग्या त्यासाठी येतात. त्याच चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. लोक ती काजळी पुसत बसतात. ती ओल्या फडक्याने निघतेही, पण चार दिवसांनी परत येते, कारण चिकटा गाळणारी कीड वर तशीच असते.

पान कोणी खाल्लं?

गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर आनंद माना. ही पान कापणारी मधमाशी. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर लावायला तुकडा नेते. फवारणीची गरज नाही.

लिंबावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं आणि पुसायला जाताच हललं, तर ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. ही अळी लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर येते, कारण ही सगळी एकाच कुळातली. कडुनिंबाकडे ती ढुंकूनही बघत नाही, म्हणजे वरच्या कोड्याचं उत्तर कधी कधी अळीच देते. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या खाऊ द्याव्यात. हातभर रोप असेल तर वेचून दुसऱ्या झाडावर सोडा. याच लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी, पानाच्या आत राहून खाणारी.

रात्रीत पान गायब होतं आणि दिवसा कोणीच दिसत नाही, अशा वेळी नऊ-दहानंतर टॉर्च घेऊन जा. पावसाळ्यात बहुतेक वेळा गोगलगायच सापडते. सकाळी तिची वाळलेली चकचकीत वाट कुंडीच्या कडेवर दिसते.

अचानक मान टाकली तर

वांग्याचा फक्त शेंडा कोमेजला आणि बाकी झाड ताजं, तर शेंडा कापून ब्लेडने उभा चिरा. आत गुलाबीसर अळी निघेल. शेंडे आणि फळं पोखरणारी ती हीच. तो शेंडा नष्ट करा, खतात टाकू नका.

टोमॅटोचं किंवा वांग्याचं अख्खं झाड हिरवंच असताना एक-दोन दिवसांत लुळं पडलं, तर पेल्याची परीक्षा करा. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात वरून असा धरा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल. हात हलवू नका. काही मिनिटांत टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर ही जिवाणूंमुळे होणारी मर. पहिल्यांदा तो धागा पाहिला तेव्हा मी झाडाचं दुःख विसरून मुलाला हाक मारली होती. या झाडाला औषध नाही. मातीसकट काढा आणि त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका. धागा आला नाही पण चिरलेल्या खोडाच्या आत तपकिरी रेघ दिसली, तर बुरशीची मर असावी.

काढलेल्या झाडाची मुळं धुऊन बघा. मुळंच जागोजागी फुगून गाठी झाल्या असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी. मात्र चवळी, वाल, मेथीच्या मुळांवर मुळातच गाठी असतात आणि त्या चांगल्या. नखाने ओढली की ती गाठ सहज सुटते, आतून गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते सुजलेलं मूळच असतं. मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली जाड पांढरी अळी सापडली तर हुमणी.

डाग

डागांबद्दल थोडक्यात. पानावर पिठासारखा थर आहे आणि बोटाने पुसला जातो, तर भुरी. काकडीवर वर पिवळे कोनाकोनांचे डाग आणि दमट हवेत त्याच जागी खाली राखाडी लव, तर केवडा. लिंबाच्या पानावर, फळावर खरखरीत उंचवटे आणि भोवती पिवळं वलय, तर खैऱ्या. पानामागे नारिंगी पुटकुळ्या आणि बोटाला गंजासारखी पूड लागते, तर तांबेरा. नुसते तपकिरी डाग डोळ्यांनी बघून ठामपणे सांगता येतील असा दावा मी करणार नाही. करपा (पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग) म्हणून दाखवलेली निम्मी पानं उन्हाने भाजलेली निघतात.

शेवटची पायरी: विचारायचं कसं

घरच्या ग्रुपवर एक धूसर फोटो आणि खाली 'हे काय आहे?' असं विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात. त्यातले नऊ 'कडुनिंबाचं तेल मारा' म्हणतात. निदान चार फोटो काढा: अख्खं झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि दुखण्याची जागा अगदी जवळून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. फूल किंवा फळ असेल तर त्याचा वेगळा फोटो हवा, कारण वनस्पतींची नावं मुख्यतः फुलांवरून ठरतात. गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट नाव सुचवतात. ते नाव घ्या आणि वर सांगितलेल्या खुणांशी ताडून बघा. खाण्याच्या बाबतीत मात्र अ‍ॅपवर विसंबू नका.

माणसालाच विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नमुना दाखवायला जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचं कृषी महाविद्यालय बरं. नमुना नेताना एकच वाळकं पान नेऊ नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. निरोगी आणि रोगट भागाची सीमा दिसेल अशी फांदी घ्या. रोप मरत असेल तर मुळासकट काढा आणि मुळं मातीसह वेगळ्या पिशवीत बांधा. पानं वर्तमानपत्रात गुंडाळा, बंद प्लॅस्टिकमध्ये ती घाम येऊन कुजतात. फवारणी केली असेल तर काय आणि कधी, ते कागदावर लिहून सोबत द्या. आणि उत्तर मिळेपर्यंत ती कुंडी बाकीच्यांपासून दूर, बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला.