होडीवरील गॅस शेगडीची सुरक्षा तपासणी आणि देखभाल कशी करावी

तापीवरील हतनूरचा जलाशय, प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेज, नंदुरबार जिल्ह्यात शिरलेले उकाईचे पाणी आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत पसरलेला सरदार सरोवराचा फुगवटा, एवढ्या सगळ्या पाण्यावर खानदेशात होड्या चालतात. मासेमारीसाठी रात्रभर पाण्यावर राहणाऱ्यांना आणि लाँचमधून दूरच्या पाड्यांपर्यंत जाणाऱ्यांना चहा-खिचडीसाठी शेगडी लागते, आणि चुलीची जागा आता बहुतेक ठिकाणी पाच किलोच्या गॅस सिलिंडरने घेतली आहे. घरातील गॅस जपून वापरणारी माणसेसुद्धा होडीत मात्र तो निष्काळजीपणे वापरतात, हे काळजीचे आहे, कारण होडीत गळतीचे परिणाम घरापेक्षा वेगळे असतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळती झाली तर तो जमिनीलगत पसरत दाराच्या फटीतून बाहेर जाण्याची निदान शक्यता असते. होडीला दार नसते. पाणी आत येऊ नये म्हणून जो तळ चहूबाजूंनी बंद केलेला असतो, तोच तळ गळलेला गॅस आत धरून ठेवतो. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्के झाले की एका ठिणगीने भडका उडतो, आणि इंजिन सुरू करताना किंवा पाणी उपसण्याच्या विजेच्या पंपाचे बटण दाबताना अशी ठिणगी पडू शकते. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो हे खरे. पण मासळी, डिझेल आणि ओल्या जाळ्यांच्या वासात तो लपतो, शिवाय तळाशी साचलेल्या गॅसचा वास उभ्या माणसाच्या नाकापर्यंत लवकर पोहोचत नाही. म्हणून रोज सकाळी इंजिनाला हात लावण्यापूर्वी तळावरची एक फळी उचलावी आणि खाली वाकून वास घ्यावा. या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

तपासणीची सुरुवात सिलिंडर होडीत चढवण्यापूर्वी काठावरच करावी. सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. म्हणजे ‘सी-29’ असे लिहिलेल्या सिलिंडरची पुढील चाचणी सप्टेंबर 2029 पर्यंत व्हायला हवी. ही मुदत उलटून गेलेला सिलिंडर स्वीकारू नये. त्यानंतर सुरक्षा टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात पाहावे. आत रबराचे काळे गोल कडे दिसते. ते चिरलेले, दबलेले किंवा जागेवर नसेल, तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी तेथून गॅस गळतोच. तोंडात थोडे पाणी ओतून बुडबुडे येतात का ते बघावे आणि कोरड्या फडक्याने ते टिपून घ्यावे. बाजारात मोठ्या सिलिंडरमधून हाताने भरून मिळणाऱ्या छोट्या टाक्या होडीवर अजिबात आणू नयेत. अशी भरणी बेकायदा आहे, आणि उन्हात गॅस प्रसरण पावण्यासाठी आत जी मोकळी जागा सोडावी लागते, ती तशा भरणीत राहीलच याची खात्री नसते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोकळ्या जागेचे मोल कळते.

सिलिंडर कोठे ठेवावा, हा यापुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तो फळ्यांखाली, इंजिनाशेजारी किंवा पेट्रोलच्या कॅनजवळ कधीही ठेवू नये. उघड्या होडीत तो वरच्या फळीवर, सावलीत, उभा ठेवून पट्ट्याने दोन ठिकाणी बांधावा. आडवा झालेल्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवरूप गॅस नळीत उतरतो आणि शेगडीवर मोठी ज्वाला उठते. छत असलेल्या लाँचमध्ये सिलिंडरसाठी वेगळी पेटी करून घ्यावी, जी फक्त वरून उघडेल आणि जिचे सांधे आतल्या बाजूस पूर्ण बंद असतील. त्या पेटीच्या अगदी तळाला अंगठ्याएवढे, म्हणजे सुमारे 20 मिलिमीटरचे भोक ठेवून तेथून उतरती नळी होडीच्या बाहेर काढावी. या नळीचे तोंड होडी माणसांनी भरलेली असतानाही पाण्याच्या वर राहिले पाहिजे आणि इंजिनाच्या धुराड्यापासून दूर असले पाहिजे. गाळ, शेवाळ आणि कुंभारमाशीच्या मातीने हे तोंड बुजते, म्हणून दर आठवड्याला त्यातून तांब्याभर पाणी सोडून ते मोकळे वाहते का, हे पाहावे. सिलिंडर थंड राहावा म्हणून काहीजण त्याला ओले गोणपाट गुंडाळून ठेवतात; परंतु दिवसेंदिवस ओलसर राहिलेल्या गोणपाटाखाली बुडाचे कडे गंजते. त्यापेक्षा लाकडी पट्ट्यांवर ठेवून वरून सावली करणे चांगले.

सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण हलत्या होडीवर ती टाळावी. भांडे ठेवले की सगळे वजन वर जाते, एका हेलकाव्यात सिलिंडर भांड्यासकट कलंडू शकतो, आणि आच व्हॉल्व्हच्या अगदी जवळ राहते. वेगळी शेगडी, भांडे घसरू नये म्हणून तिला कडे, आणि ज्वाला विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेला बर्नर, एवढे मिळाले तर फार उत्तम.

नळी मानक चिन्ह असलेली, आतून तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्यावी आणि ती दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नये. घरात ती पाच वर्षांनी बदलतात. होडीवर ऊन, पाणी आणि उंदीर तिन्ही असल्यामुळे दोन वर्षांनी बदललेली बरी. शेगडीकडचे टोक बोटांत धरून वाकवावे. बारीक भेगा प्रथम तेथेच उमटतात आणि नळी सरळ असताना त्या दिसत नाहीत. तुटलेली नळी मध्ये जोड देऊन वापरू नये.

आता गळतीची चाचणी. वाटीभर पाण्यात भांडी घासण्याचा साबण दाट फेस येईपर्यंत कालवावा, शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा, आणि व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके व शेगडीची बटणे यांवर ब्रशने ते पाणी लावावे. होडी काठाला बांधून स्थिर करावी, कारण हळू गळतीचा बुडबुडा मोहरीएवढाच उठतो आणि हलत्या होडीत तो नजरेतून सुटतो. प्रत्येक जोडाकडे निदान मिनिटभर पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार कोणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे. ही चाचणी सिलिंडर बदलताना दर वेळी आणि एरवी महिन्यातून एकदा करावी.

स्वयंपाक झाल्यावर आधी रेग्युलेटर बंद करावा, नळीतील उरलेला गॅस जळून ज्वाला आपोआप विझू द्यावी, आणि मग शेगडीचे बटण फिरवावे. ज्वाला निळी असावी. ती पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे तारेने साफ करावीत. थंडीत ताडपत्री चारही बाजूंनी सोडून आत उबेसाठी शेगडी पेटती ठेवणे प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

गळती झालीच, तर रेग्युलेटर बंद करावा, विडी-सिगारेट विझवायला लावावी, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि वल्ह्याने होडी काठाला न्यावी. माणसे उतरवावीत, सिलिंडर मोकळ्या जागी वाऱ्याच्या खालच्या बाजूस न्यावा, सगळ्या फळ्या उचलाव्यात आणि तळाचा वास पूर्ण जाईपर्यंत वारा खेळू द्यावा. दूरध्वनी होडीपासून लांब जाऊन करावा. गॅस गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. नर्मदाकाठच्या अनेक वळणांवर मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्या लाँचवर कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे शेगडीपासून हातभर दूर, पण बाहेर पडण्याच्या बाजूला टांगलेले असावे. गळका सिलिंडर परत करताना त्यावर खडूने मोठी फुली मारावी आणि गळती नेमकी कोठून होती ते वितरकाला दाखवावे.