आपला राजकीय कल नेमक्या शब्दांत कसा सांगावा

पुण्यात नव्याने ओळख झालेल्या माणसाला गाव, आडनाव आणि नोकरी विचारून झाली की पुढचा प्रश्न बहुधा राजकारणाचा असतो, आणि तो ‘तुम्ही कोणाचे?’ अशा दोनच शब्दांत येतो. उत्तरेही तितकीच आखूड असतात: ‘आमचे घराणे काँग्रेसचे’, ‘मी लहानपणापासून शाखेत जायचो’, ‘मी पुरोगामी’, ‘राजकारणात आपल्याला रस नाही’. अशा उत्तराने ऐकणाऱ्याचा आपल्याविषयीचा ग्रह पक्का होतो, मात्र आपले म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढची चर्चा मग त्या ग्रहाशी होत राहते. सदाशिव पेठेतील आमच्या छोट्या अभ्यासमंडळात हे वारंवार घडू लागले, तेव्हा आम्ही प्रत्येक नव्या सभासदाला आपली भूमिका एका कागदावर पाच-सहा वाक्यांत लिहून आणायला सांगू लागलो. त्या कागदांवरून जे कळले, ते येथे मांडत आहे.

प्रथम, आपल्याला नेमके काय विचारले जात आहे, हे ओळखावे. ‘कोणाचे?’ या एका शब्दात तीन प्रश्न असतात: कोणत्या पक्षाशी आपला संबंध आहे, आपण मत कोणाला देतो आणि आपला विचार कोणता आहे. या तिन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही, आणि बहुतेकांची ती नसतातच.

पक्षाशी असलेल्या संबंधाच्या पायऱ्या मराठीत चांगल्या रुळलेल्या आहेत; त्या सरमिसळ न करता वापराव्यात. ज्याने रीतसर नोंदणी केली तो सदस्य. जो वेळ देतो, घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या पोहोचवतो आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून बसतो तो कार्यकर्ता, मग त्याच्याकडे पद असो वा नसो. उघडपणे बाजू घेणारा समर्थक, आणि मनातून आपुलकी असूनही जाहीरपणे बाजू न घेणारा सहानुभूतीदार. सहानुभूतीदाराने स्वतःला कार्यकर्ता म्हणवून घेऊ नये, कारण खऱ्या कार्यकर्त्याच्या उन्हातान्हातल्या कष्टांचा तो अवमान ठरतो. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार त्यांना राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. कल मात्र त्यांनाही असतो आणि असावा.

गेल्या काही वर्षांत पक्षाचे नुसते नाव सांगूनही भागत नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘राष्ट्रवादी काँग्रेस’ हे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला मिळाले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल आणि शरद पवार यांच्या पक्षाकडे तुतारी वाजवणारा माणूस ही चिन्हे आली. म्हणून ‘मी शिवसैनिक’ किंवा ‘मी राष्ट्रवादीचा’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या नेतृत्वाचा आणि केव्हापासून, हेही सांगावे. ‘फुटीच्या आधी होतो, आता कुठेच नाही’ असे असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. असे म्हणणारे अनेकजण आम्हाला भेटले आणि त्यांच्या बोलण्यात खरी व्यथा होती.

मताची गोष्ट वेगळी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ नुसार आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. घरमालकाने विचारले, कार्यालयातील वरिष्ठाने विचारले, अगदी सासरच्यांनी विचारले, तरी ‘ते मी सांगत नाही’ हे पुरेसे उत्तर आहे आणि त्यापुढे कारण देण्याची गरज नाही. सांगायचेच असेल, तर मत हाच आपला कल असे भासवू नये. पुणे महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडायचे होते आणि दोन प्रभाग वगळता सर्वत्र प्रत्येक मतदाराला चार जागांसाठी चार मते द्यायची होती. एकाच मतदाराने एकाच यंत्रासमोर उभे राहून दोन-तीन पक्षांना मते दिली, असे आमच्या मंडळातच कितीतरी निघाले. ‘तुम्ही मत कोणाला दिले?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे एक उत्तर नव्हतेच.

उमेदवार पाहून मत देणाऱ्याने तसे स्पष्ट म्हणावे. त्यात कमीपणा नाही. पुणे लोकसभा मतदारसंघाने १९७१ आणि १९७७ या दोन्ही वेळी मोहन धारिया यांनाच निवडून दिले, पहिल्या वेळी काँग्रेसकडून आणि दुसऱ्या वेळी जनता पक्षाकडून. दोन्ही वेळा त्यांना मत देणाऱ्या मतदाराने पक्ष बदलला म्हणावे की पक्षाने मतदार बदलला म्हणावे? आणीबाणीविषयी त्याचे मत काय होते, हे विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

आता कलाविषयी, जो खरा अवघड भाग आहे. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे शब्द १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेतील आसनव्यवस्थेवरून आले: राजाचे अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसत आणि बदल मागणारे डावीकडे. शब्द सोयीचे आहेत आणि ते टाळण्याचे कारण नाही, पण ते एकाच रेषेवरची जागा सांगतात. पुण्याला ही एक रेषा कधीच पुरलेली नाही. लोकमान्य टिळक राजकारणात जहाल होते, पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक होते, सुधारणा आधी की स्वराज्य आधी, या वादातून ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. गोखले मवाळ म्हणून ओळखले गेले, आणि त्याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. या तिघांच्याही आधी, १८७३ साली, याच शहरात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि स्वराज्य मिळाले तर ते कोणाचे असेल, हा प्रश्न त्या परंपरेने पुढे सतत विचारला. यांपैकी कोणालाही डावा किंवा उजवा म्हणून मोकळे होता येत नाही.

जवळच्या काळातले उदाहरण शरद जोशी यांचे आहे. चाकणच्या १९८० च्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या या शेतकरी नेत्याने सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढून घ्यावा, असे आयुष्यभर सांगितले. रूढ अर्थाने ही उजवी अर्थनीती होय. त्यांच्याच शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करायला लावला.

म्हणून आपला कल प्रश्नवार सांगावा. बाजार आणि सरकार, जात आणि आरक्षण, धर्म आणि राज्यसंस्था, भाषा आणि प्रांत, आणि शेवटी आपल्या शहराचे प्रश्न: यांपैकी ज्यांच्याविषयी आपण खरोखर विचार केला आहे, त्या प्रत्येकावर एक वाक्य लिहावे आणि त्या वाक्यात एखादा निर्णय असावा. ‘मी समतेच्या बाजूने आहे’ या वाक्याशी कोणीच असहमत होणार नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. ‘खाजगी महाविद्यालयांतही आरक्षण असावे’ किंवा ‘आरक्षण आर्थिक निकषावर असावे’ या वाक्यांतून कळते. शहराच्या प्रश्नांना या यादीत अखेरचे स्थान दिले असले तरी माझ्या मते माणूस तेथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता व्हावा की नाही, यावर एकाच पक्षाचे दोन मतदार एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक टेकडीवर एकत्र येतात.

काही शब्द वापरताना विशेष जपावे. ‘समाजवादी’ म्हणताना हे ठाऊक असावे की हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९-क मुळे नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. त्यामुळे कागदोपत्री सगळेच समाजवादी आहेत. पुण्याने १९५७ साली ना. ग. गोरे यांना आणि १९६७ साली एस. एम. जोशी यांना लोकसभेत पाठवले, त्या परंपरेतला समाजवाद आपल्याला अभिप्रेत असेल तर तसे सांगावे. ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दाने कोणाला राज्यकारभारापासून धर्म दूर ठेवणे सुचवायचे असते, तर कोणाला सर्वधर्मसमभाव; आपला अर्थ एका वाक्यात जोडावा. ‘हिंदुत्ववादी’ म्हणवणाऱ्यानेही तो विचार आपल्याला संस्कृतीपुरता मान्य आहे की कायद्यातही उतरायला हवा, हे सांगितले तर समोरच्याचे निम्मे गैरसमज दूर होतात. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. ज्याने दोन्ही बाजू पाहून कोणतीच न स्वीकारण्याचे ठरवले, त्यालाच तो शब्द शोभतो. ज्याचे अजून ठरलेले नाही त्याने तसे म्हणावे.

माझी स्वतःची चूक ‘पुरोगामी’ या शब्दाची होती. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी तो उच्चारला आणि समोर बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, ‘कशात?’ मी फुले-शाहू-आंबेडकर ही नावे घेतली. त्या म्हणाल्या, ‘ती तर व्यासपीठावरचा प्रत्येक वक्ता घेतो. तुमच्या घरी काय चालते ते सांगा.’ मला लगेच सांगता आले नाही. त्या दिवसापासून मी हा शब्द कशाविषयी, ते जोडल्याखेरीज वापरत नाही.

चांगल्या कागदाचा एक नमुना देतो. नारायण पेठेतील एका निवृत्त सभासदाच्या परवानगीने. पहिल्या ओळीत त्यांनी ‘मी उजव्या’ एवढे लिहून निळ्या शाईने सरळ रेघ मारून खोडले होते. खाली असे होते: ‘मी कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही. वडील जनसंघाचे काम करीत, त्यामुळे दिव्याचे चिन्ह घरातलेच वाटे. समान नागरी कायदा असावा असे मला वाटते. लग्नात जात पाहू नये. दोन्ही मुलांच्या वेळी मी ती पाहिली नाही. पीएमपीची बस तोट्यात गेली तरी महापालिकेने चालवावी, कारण मी आजही तिनेच फिरतो. टेकडीला हात लावणाऱ्या उमेदवाराला मी मत देणार नाही, तो कोणत्याही पक्षाचा असो.’ सात वाक्यांत पक्षसंबंध, घराणे, कायदा, जात, अर्थनीती आणि शहर आले, आणि त्यांनी स्वतःला कोणतेही नाव लावले नाही.

कल कोणाच्या विरोधावरून सांगू नये, एवढे एक पथ्य आणखी पाळावे. ‘मी अमक्याच्या विरोधात’ असे म्हणणाऱ्याला तो अमका सत्तेवरून गेल्यानंतर काय हवे आहे, हे कळत नाही. समोरचे लोक वापरतात ती हेटाळणीची विशेषणे तर स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी मुळीच घेऊ नयेत. मत बदलले असेल तर कोणत्या प्रश्नावर आणि साधारण कोणत्या साली, हे लिहावे. ‘मी पहिल्यापासून असाच’ हे बहुतेक वेळा आठवणीची चूक असते.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालावी आणि पुढच्या निवडणुकीआधी तो पुन्हा काढून वाचावा. वर ज्यांचा कागद दिला, त्या सभासदांनी गेल्या खेपेस तसे केले. आरक्षणाविषयी आपण एक शब्दही लिहिलेला नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर ‘आरक्षण’ एवढेच लिहिले आणि पुढच्या बैठकीपर्यंत वेळ मागून घेतला.