इव्हेंटिंगचा घोडा घेताना आणि विकताना या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की इंदूरकडची घोड्यांची आवड असलेली मंडळीही तिकडे वळतात. तिथे भाव ठरतो तो रंगावर, उंचीवर, कानांच्या डौलावर, रेवाल चालीवर आणि नाचावर. इव्हेंटिंगला यातलं काही पुरत नाही. घोडेस्वारीच्या या स्पर्धेत एकाच घोड्याला ड्रेसाज (रिंगणातल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या मैदानातले पक्के अडथळे) आणि शो जम्पिंग (धक्क्याने पडणाऱ्या बांबूंवरच्या उड्या) अशा तिन्ही परीक्षा द्यायच्या असतात. यात्रेच्या नजरेने घोडा पसंत करणं, ही मला सगळ्यात महाग पडणारी चूक वाटते. अंगावरचे केसांचे भोवरे शुभ की अशुभ ते बघून चांगलं जनावर नाकारणारेही आहेत. घोड्याच्या पासपोर्टमध्ये भोवरे काढलेले असतात खरे, पण ते ओळख पटावी म्हणून.

दुसरी चूक चाचणीची. विकणारा वाळूच्या रिंगणात दोन-चार रंगीत बांबू उडवून दाखवतो आणि घेणारा खूश होऊन इसार देऊन टाकतो. बांबू धक्क्याने पडतो. क्रॉस-कंट्रीतला ओंडका असा पडत नाही. तेव्हा पाणी, खंदक आणि उतार यांवर घोडा चालवून दाखवायला सांगा. पाण्याच्या कडेला तो थबकला तर लगेच नाकारू नका. स्वाराने धीर दिल्यावर पाय टाकतो का, ते बघा. पाच तारांकित, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या स्पर्धेतही क्रॉस-कंट्रीचा पक्का अडथळा १.२० मीटरपेक्षा उंच नसतो, म्हणून उंच उडीपेक्षा धीट आणि सावध घोडा मी केव्हाही वर धरेन.

आता पाय. वाळूत नीट चालणारा घोडा कडक जमिनीवर लंगडू शकतो, आणि आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. कडक जमिनीवर, लगाम सैल सोडून, त्याला सरळ रेषेत दुडकत न्यायला लावा. मग दोन्ही बाजूंनी लहान वर्तुळात. पुण्या-मुंबईच्या रेसमधून उतरलेला थरोब्रेड असेल तर पुढच्या पायांच्या मागची शीर (टेंडन) बोटांनी चाचपा. ती गरम किंवा जाड लागली तर थांबा. ब्यूटसारख्या वेदनाशामकाने लंगडणं काही काळ लपतं. म्हणून ठरल्या वेळेआधी पोहोचा, घोडा तबेल्यात उभा असतानाच पायांना हात लावा आणि तपासणीच्या वेळी रक्ताचा नमुना काढून ठेवा. डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

वय थोडं जास्त दिसलं म्हणून पाठ फिरवू नका. भारताचा इव्हेंटिंग स्वार फवाद मिर्झा याने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ज्या सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर रौप्यपदक मिळवलं, त्याच घोड्यावर तो तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, टोकियो ऑलिम्पिकला उतरला. पाय स्वच्छ असलेला अनुभवी घोडा नवख्या स्वाराला खूप शिकवतो.

ट्रकमध्ये चढवण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली हवी. हा रोग माणसालाही होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात त्याची चाचणी होते.

विकणाऱ्यांनो, गव्हाण चावायची खोड, जुनी दुखापत, अडथळ्यापुढे थांबण्याची सवय हे सगळं आधीच सांगा. अडल्याचे व्हिडिओही दाखवा. तापट घोडा शिकाऊ मुलाच्या हाती देऊ नका, वडील कितीही पैसे मोजायला तयार असले तरी. आणि घोडा काही दिवस चाचणीसाठी पाठवत असाल, तर त्या काळात त्याला दुखापत झाल्यास खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहून सही घ्या.